योग्य मार्गाने सादर

दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी महाराष्ट्राचं सरकार नागपूरला जोडलं जातं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा सुटं होतं. १९५३च्या नागपूर कराराने तसं ठरलं आणि काही अपवाद सोडले तर १९६०पासून ते चालू आहे. जोडणीच्या आधी रविभवनाला रंग लागतो, सिव्हिल लाइन्सचे खड्डे एका रात्रीत बुजतात, मुंबईहून नस्त्यांचे गठ्ठे उतरतात. जोडलेलं आहे तोवर मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत जातो, घसा बसेस्तोवर घोषणा होतात आणि शेवटी निवेदन घ्यायला कुणी ना कुणी मंत्री येतो. सुटं झालं की त्याच टी-पॉइंटवर तेच निवेदन घेऊन उभे राहा. वाहतूक पोलीस सोडला तर कुणी विचारत नाही, आणि तोही ‘बाजूला व्हा’ एवढंच म्हणतो.

हे दुखणं फक्त आपल्या विदर्भाचं, असा माझा जुना समज. पण मोबाइलची ॲपं बनवणाऱ्या जगभरच्या पोरापोरींना हेच दुखणं रोज सकाळपासून असतं, हे मला पुतण्यामुळे कळलं. फरक इतकाच की त्यांचा करार २०११चा आहे.

पुतण्या गायत्रीनगरच्या आयटी पार्कातल्या एका कंपनीत ॲण्ड्रॉइडचा प्रोग्रामर आहे. आठवड्यातले काही दिवस तो आमच्या डायनिंग टेबलावरून नोकरी करतो, कारण आमचा कूलर मोठा आहे. मी सरकारी खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. माझ्या ज्ञानाचा आता कुणाला काही उपयोग नाही असं त्याचं मत होतं. त्याच्या ज्ञानाबद्दल माझंही तेच मत होतं. अशा सलोख्यात आमचं छान चाललेलं असताना मे महिन्यातल्या एका दुपारी तो लॅपटॉपसमोर ओरडला, “गेट-ॲक्टिव्हिटी नल आली!”

नागपुरात मे महिन्यात असले शब्द कानावर पडले की माणूस व्याकरण बघत बसत नाही. ही झोपेतून उठून बादली घेऊन मोरीत पळाली. नळ ठणठणीत कोरडा.

“कुठे आला रे?”

“काकू, आला नाही. काहीच नाही, असं आलं.”

हिने बादली आपटली. मला मात्र ते उत्तर एकदम घरचं वाटलं. ‘माहिती निरंक’ असं लिहून वर पाठवलेले तक्ते रचले असते तर माझ्या खात्याची आणखी एक इमारत उभी राहिली असती. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, “बाबू, प्रकरण काय आहे ते सुरुवातीपासून सांग.”

प्रकरण संत्र्याचं होतं. शेतकऱ्यांना भाव दाखवणारं ॲप. डावीकडे बाजारांची यादी: कळमना, काटोल, नरखेड, वरुड. एकावर बोट ठेवलं की उजवीकडे त्या बाजारातला भाव. ऐकायला सोपं. पण यादीने भावाला ‘काटोल’ हा एक शब्द कसा सांगायचा, यावर अख्ख्या ॲण्ड्रॉइडचं दहा-बारा वर्षांचं डोकं खर्ची पडलेलं आहे.

ॲण्ड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला तेव्हा कारभार सुटसुटीत होता. एक पडदा म्हणजे एक ॲक्टिव्हिटी. एक केबिन, एक साहेब, सगळं काम त्याच्याच अंगावर. मग टॅब्लेट आले. मोठ्या पडद्यावर एकटा साहेब दोन कोपऱ्यांत पुरेना. म्हणून फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने ॲण्ड्रॉइड ३.०, म्हणजे हनीकॉम्ब, काढलं आणि केबिनमध्ये टेबलं टाकली. या टेबलांना फ्रॅगमेंट म्हणतात. टॅब्लेटवर यादीचं टेबल आणि भावाचं टेबल शेजारी शेजारी बसतात. फोनवर तेवढी जागा नाही, तिथे एक उठतं तेव्हा दुसरं बसतं.

आणि मग नियम आला: दोन फ्रॅगमेंटनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. जे काही असेल ते ॲक्टिव्हिटीमार्फत.

नव्या पोरांना हा नियम जाचक वाटतो. हाताच्या अंतरावर बसलेल्या टेबलाला एक शब्द सांगायचा, तर वर साहेबाकडे कशाला जायचं? मला सांगा, यात जाचक काय आहे? मी उभं आयुष्य असंच काढलं. माझ्या पाठीला पाठ लावून बसणाऱ्या सहकाऱ्याला मी साहेबांमार्फत पत्रं लिहिली आहेत, साहेबांमार्फतच त्याची उत्तरं घेतली आहेत, आणि मधल्या काळात आम्ही दोघांनी एकाच डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली आहे.

शिवाय नियमामागे कारण आहे. आज यादी आणि भाव शेजारी आहेत. पण तेच ॲप फोनवर उघडलं की शेजारचं टेबलच नसतं. यादीने सवयीने ‘अहो भाववाले’ म्हणून हाक मारली आणि तिथे खुर्चीच नसली, तर ॲप जागीच झोपतं. साहेब मात्र असतो, कारण साहेबाशिवाय टेबल पडद्यावर मांडताच येत नाही. ज्याला शेजारी कोण हे ठाऊक नाही, ते टेबल कुठेही नेऊन टाकता येतं. बदलीयोग्य कर्मचारी म्हणतात तो हाच.

नियम पाळायचा म्हणजे काय करायचं, तर रुजू होताना कागद तपासायचा. टेबल साहेबाला जोडलं जातं त्या क्षणाला ऑन-ॲटॅच म्हणतात. तेव्हा टेबल विचारतं: बाजार निवडला गेल्याची खबर स्वीकारण्याचं आपण लेखी मान्य केलेलं आहे काय? या लेखी मान्यतेचं नाव इंटरफेस. टेबलाला साहेबाचं नाव, गाव, स्वभाव काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. सही आहे की नाही, एवढंच बघायचं. सही नसेल तर ‘क्लास कास्ट एक्सेप्शन’ नावाची आरोळी उठते आणि ॲप बंद पडतं. साहेबाची सही राहिली म्हणून तिथल्या तिथे सगळं कार्यालय बंद, हा कडकपणा आमच्याकडे असता तर निम्मा महाराष्ट्र कुलूपबंद राहिला असता.

हा झाला खालून वर जाणारा मार्ग. वरून खाली यायचा मार्ग वेगळा, आणि पुतण्याची गाडी तिथेच रुतली होती. त्याने साहेबाकडून भावाच्या टेबलाला ‘काटोल’ तोंडी सांगवलं होतं. टेबल मांडलं, कानात सांगितलं, झालं. काटोलचा भाव दिसला, सगळे खूश. मग कुणीतरी फोन आडवा केला आणि काटोल गेलं. भावाच्या जागी पांढराशुभ्र पडदा. पुतण्या फोन उभा-आडवा, उभा-आडवा करत फोनलाच विचारत होता, “काहून बे, गायब काहून होऊन राहिलं?”

कारण असं की फोन आडवा केला, की ॲण्ड्रॉइड ती ॲक्टिव्हिटी मोडून टाकतं आणि नवी उभी करतं. बदली! नव्या साहेबाचं नाव तेच, केबिन तीच, खुर्चीवरचा टॉवेलसुद्धा तोच. पण हा तो माणूस नव्हे. टेबलंही नव्याने मांडली जातात. मांडणारी व्यवस्था कुणाच्या कानात काही सांगत बसत नाही. ती टेबल रिकामं मांडते आणि आधीची नस्ती तेवढी पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवते. या नस्तीला बंडल म्हणतात. बंडलात होतं ते राहिलं, तोंडी होतं ते वाहून गेलं.

“तोंडी आदेश साहेबाच्या बदलीबरोबर जातात रे,” मी म्हटलं, “नस्तीवर घे.”

त्याने ‘काटोल’ बंडलात घातलं. फोन आडवा केला. काटोल जागेवर. त्या दिवसापासून लॅपटॉप माझ्याकडे वळवून ‘काका, जरा बघता का’ असं म्हणण्याइतपत माझी पदोन्नती झाली.

पडदा आडवा करण्याचा प्रयोग नागपूरने फार मोठ्या प्रमाणावर केलेला आहे, हेही मी त्याला सांगितलं. २०१८ मध्ये हिवाळी अधिवेशनाऐवजी पावसाळी अधिवेशन इथे भरवलं. सदन तेच, सदस्य तेच, फक्त ऋतू फिरवला. ६ जुलैला धो-धो पाऊस झाला, विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या यंत्रणेत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज थांबवावं लागलं. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली व्यवस्था जुलैत एका सकाळीत बसली. “यालाच तुम्ही लोक टेस्टिंग म्हणता ना?” मी विचारलं. तो वहीत लिहून घेत होता.

नस्तीचंही एक पथ्य आहे. तीत नाव-नंबर ठेवायचा, गोदाम ठेवायचं नाही. ॲण्ड्रॉइडची टपालाची थैली साधारण एक एमबीची, आणि तीही ॲपच्या चालू असलेल्या सगळ्या टपालात मिळून. त्याच्या एका सहकाऱ्याने बंडलात संत्र्यांचे फोटोच कोंबले होते. थैली फाटली. ‘ट्रान्झॅक्शन टू लार्ज’ असा शेरा आला, जो आमच्याकडे ‘प्रकरण अवाजवी मोठे असल्याने परत’ असा येतो.

आता त्या नलकडे येऊ. भाव मागवायला ॲप दूरच्या सर्व्हरकडे पत्र धाडतं. खेड्यात नेटवर्क मंद. शेतकरी कंटाळतो, मागे जातो. भावाचं टेबल उचललं जातं. तेवढ्यात उत्तर येतं. उचललेलं टेबल उत्तर हातात घेऊन साहेबाला हाक मारतं, आणि साहेबाच्या जागी निरंक. सरकार परत मुंबईला गेलेलं आणि निवेदन टी-पॉइंटवर. पुतण्याने त्यावर घाईघाईत उपाय केला: ‘गेट-ॲक्टिव्हिटी’ खोडून ‘रिक्वायर-ॲक्टिव्हिटी’ लिहिलं. म्हणजे साहेब आहेत का असं विचारण्याऐवजी, साहेब असलेच पाहिजेत असा आग्रह. आग्रहाने साहेब आला नाही. ॲप पडायचं ते पडलंच. फक्त ‘सदर फ्रॅगमेंट कोणत्याही ॲक्टिव्हिटीशी संलग्न नाही’ असं कारण नोंदवून पडलं. बोलायच्या आधी ऐकणारा जागेवर आहे का ते बघावं, आणि नसेल तर गप्प बसावं, एवढं साधं आहे. पण ते मोर्चालाही जमत नाही आणि प्रोग्रामलाही.

याच जातीचा आणखी एक प्रकार. शेतकऱ्याला फोन आला, ॲप मागे गेलं, की व्यवस्था सगळी नोंद करून वही बंद करते. त्यानंतर कुणी नवीन टेबल मांडायला आलं तर ‘नोंद झाल्यावर ही कृती करता येणार नाही’ असं खडसावून ॲप पाडते. सव्वासहाला वही बंद म्हणजे बंद. पण इथेही मागचं दार आहे, आणि त्याचं नावच ‘कमिट अलाउइंग स्टेट लॉस’. म्हणजे अर्ज घेतो, पण हरवला तर आम्ही जबाबदार नाही. खिडकीवरचा कारकून हे मान हलवूनच सांगतो. गुगलला त्यासाठी अख्खं फंक्शन लिहावं लागलं.

एवढी शिस्त माणसाला सोसत नाही. वर जा, सही बघा, खाली या. एका शब्दासाठी तीन फाइली. आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोह्यांच्या ठेल्याशी पुतण्याचे दोस्त जमतात. त्यातला एक जुना गडी सांगत होता की साधारण २०१२ नंतर सगळ्यांनी कंटाळून नियमच धाब्यावर बसवला. स्क्वेअर कंपनीने ऑट्टो काढली, ग्रीनरोबोटने इव्हेंटबस काढली. कुणीही उठावं, ‘काटोल!’ म्हणून बसमध्ये टाकावं, ज्याला गरज असेल त्याने उचलावं.

“परिपत्रक!” मी म्हटलं.

“बरोब्बर, काकाजी. पण मग कोण टाकून राहिलं आन् कोण उचलून राहिलं, काही पत्ताच लागत नव्हता ना.”

लागणार कसा? परिपत्रक सगळ्यांना असतं म्हणजे कुणालाच नसतं. त्यात ‘स्टिकी’ नावाचं चिकट परिपत्रक असायचं. नवीन टेबल आलं की त्याच्या कपाळी जुनं परिपत्रक आपोआप चिकटायचं, आणि ते बिचारं गेल्या महिन्याच्या आदेशाची आज अंमलबजावणी करायचं. पुढे ऑट्टो तिच्याच मालकांनी निवृत्त केली. आमच्याकडे परिपत्रकं निवृत्त होत नाहीत, माणसं होतात.

मग २०१७ मध्ये गुगलला दप्तराची आठवण झाली. व्ह्यूमॉडेल नावाचं सामाईक दप्तर आलं. फोन आडवा करा, साहेब बदला, दप्तर जागचं हलत नाही. यादीने दप्तरात ‘काटोल’ लिहायचं, भावाने तिथूनच वाचायचं. तोंडं बघायला नकोत, सह्या नकोत. पुतण्या म्हणाला, आता कटकट संपली. मी काहीच बोललो नाही. दप्तर म्हटलं की माझा अनुभव दांडगा आहे.

दुसऱ्या दिवशी तो दिवसभर पडद्याकडे बघत बसला. यादीवर बोट ठेवलं की काटोलची नोंद होत होती, हे त्याला दिसत होतं. भाव दप्तरात बघत होता, हेही दिसत होतं. आणि भावाला काटोल मिळत नव्हतं. आरोळी नाही, शेरा नाही, लाल अक्षर नाही. संध्याकाळी छडा लागला. त्याने दोन्हीकडे ‘बाय व्ह्यूमॉडेल्स’ लिहिलं होतं. लिहायला हवं होतं ‘बाय ॲक्टिव्हिटी-व्ह्यूमॉडेल्स’. त्या एका शब्दावाचून दोन्ही टेबलांनी आपापलं खासगी दप्तर उघडलं होतं. यादी आपल्या वहीत इमानेइतबारे लिहीत होती, भाव आपली कोरी वही इमानेइतबारे वाचत होता. दोघंही कामात, दोघंही निर्दोष, आणि शेतकरी पांढऱ्या पडद्यासमोर. आमच्या खात्यात याला ‘दोन विभागांतील समन्वय’ म्हणतात.

दप्तराची दुसरी खोड म्हणजे त्यातल्या फलकावरची शेवटची सूचना पुसली जात नाही. ‘आपली नोंदणी झाली’ असं एकदा लिहिलं, की फोन आडवा केल्यावर नवं टेबल येतं, फलक वाचतं आणि पुन्हा अभिनंदन करतं. एका नोंदणीवर माणूस जितक्या वेळा कूस बदलेल तितक्या वेळा अभिनंदन.

म्हणून २०२१ पासून एकवेळच्या निरोपासाठी खिडकी उघडली: फ्रॅगमेंट रिझल्ट. आवक-जावकच म्हणा. निरोपावर एक खूण लिहायची आणि खिडकीवर द्यायचा. घेणारा जागेवर नसेल तर खिडकी तो राखून ठेवते. पण एका खुणेचा एकच. घेणारा येण्याआधी त्याच खुणेने दुसरा निरोप आला तर पहिला गेला. आणि देणाऱ्याने खूण लिहिताना एक काना इकडचा तिकडे केला, तर निरोप त्या खिडकीवर तसाच पडून. कुणी तक्रार करत नाही, कारण मिळायला हवा होता हेच कुणाला माहीत नसतं.

जुलै २०२१ मध्ये तर जेटपॅक कंपोजची पहिली पक्की आवृत्ती आली. तिच्यात टेबलांची गरजच उरत नाही. पुतण्या मोठ्या आनंदाने सांगू लागला, “काका, आता फ्रॅगमेंट वगैरे सगळं बंद. फक्त एकच तत्त्व: माहिती वरून खाली उतरते, घडलेली घटना खालून वर कळवायची. खालच्याने शेजाऱ्याशी बोलायचंच नाही.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. टेबलं काढली, भिंती पाडल्या, फर्निचर विकलं. आदेश वरून खाली आणि अर्ज खालून वर तसेच शिल्लक! मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. जिथे कोण कधी जागेवरून उठेल याचा भरवसा नसतो, तिथे मधला कुणीतरी जबाबदार धरावाच लागतो, मग ते खातं असो नाहीतर खिशातला फोन. सरकारने हे फार पूर्वी ओळखलं. त्याचं पेटंट घ्यायचं तेवढं राहून गेलं.

शेवटी संत्र्याचं ॲप पूर्ण झालं. जुना भाग अजून फ्रॅगमेंटचाच होता, आणि साहेबाने सही केलेली नसली तर दाखवायचा शेरा लिहायचा बाकी होता. पुतण्या इंग्रजीत एक ओळ लिहीत होता. मी म्हटलं, हे माझं काम, घे लिहून: ‘सदर ॲक्टिव्हिटीने आवश्यक इंटरफेसची पूर्तता केलेली नसल्यामुळे प्रस्तुत फ्रॅगमेंट रुजू करून घेता येत नाही. तरी त्रुटींची पूर्तता करून प्रकरण योग्य मार्गाने फेरसादर करावे.’ त्याने हसत हसत तसंच टाकलं आणि कोड तपासणीला पाठवला. तपासणारा हैदराबादचा, मराठीचं एक अक्षर न येणारा. पाच मिनिटांत त्याचा शेरा आला: एलजीटीएम.

“म्हणजे काय रे?”

“म्हणजे बघितलं, ठीक वाटलं, मंजूर.”

“त्याला वाचता आलं?”

“नाही ना, काका.”

न वाचता सही! तुमच्या क्षेत्राला अजून पुष्कळ शिकायचं आहे असं मी त्याला नेहमी म्हणायचो. ते शब्द मी या लेखाद्वारे परत घेतो.